छप्पन सामने की एकोणीस हंगाम? बेसबॉलमधील मोठेपणाचे मोजमाप

१/
१९४१ चा उन्हाळा. अमेरिका अद्याप दुसऱ्या महायुद्धात उतरलेली नव्हती. त्या दोन महिन्यांत तिथला वृत्तपत्रवाचक युद्धाच्या बातम्यांबरोबर आणखी एक बातमी रोज शोधत असे : आज जो डिमॅजिओला हिट मिळाला का? १५ मे ते १६ जुलै या काळात न्यूयॉर्क यांकीजच्या या फलंदाजाने सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मिळवला. हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही.

२/
त्याच हंगामात बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने ०.४०६ ची सरासरी राखली. दोघांतील श्रेष्ठ कोण, हा वाद त्या वर्षी सुरू झाला आणि आजतागायत मिटलेला नाही. त्याच्या तळाशी इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला एक प्रश्न आहे. माणसाचे मोल त्याच्या झळाळत्या क्षणावरून करावे की संपूर्ण कारकिर्दीवरून? आणि ज्याला कारकीर्दच पुरी करू दिली गेली नाही, त्याचे काय? थ्रेड.

३/
प्रथम थोडी परिभाषा. बेसबॉलमधील फलंदाजी सरासरी म्हणजे मिळवलेले हिट भागिले फलंदाजीच्या मोजलेल्या संधी. दहा संधींत तीन हिट म्हणजे ०.३००, आणि एवढे सातत्याने करणारा फलंदाज उत्तम मानला जातो. या खेळाच्या आकडेवारीचा पाया घालणारा पत्रकार हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मला आणि अमेरिकेत आधी क्रिकेटचे वार्तांकन करत होता. सामन्याचा गोषवारा तक्त्यात मांडण्याची आणि खेळाडूला सरासरीने तोलण्याची सवय त्याने क्रिकेटमधून बेसबॉलमध्ये आणली.

४/
पुन्हा १९४१ कडे. डिमॅजिओच्या मालिकेची सुरुवात अगदीच सामान्य होती. १५ मे रोजी शिकागो व्हाइट सॉक्सने यांकीजचा १३-१ असा फडशा पाडला आणि डिमॅजिओला चार संधींत एकच हिट मिळाला. पुढे जॉर्ज सिस्लरचा १९२२ मधील ४१ सामन्यांचा आणि विली कीलरचा १८९७ मधील ४४ सामन्यांचा असे दोन्ही विक्रम मागे पडले. ५६ सामन्यांतील त्याची सरासरी होती ०.४०८ : २२३ संधी, ९१ हिट.

५/
१७ जुलैच्या रात्री क्लीव्हलंडमध्ये ६७,४६८ प्रेक्षकांसमोर ही मालिका संपली. तिसऱ्या बेसवरील केन केल्टनर याने डिमॅजिओचे दोन जोरदार फटके उलट्या हाताने अडवले. ते दोन चेंडू हातभर इकडेतिकडे गेले असते तर मालिका चालू राहिली असती. दुसऱ्याच दिवसापासून डिमॅजिओने १६ सामन्यांची नवी मालिका रचली. म्हणजे ७३ पैकी ७२ सामन्यांत त्याला हिट मिळाला होता.

६/
आता दुसरी बाजू. ज्या दोन महिन्यांत डिमॅजिओची सरासरी ०.४०८ होती, त्याच दोन महिन्यांत विल्यम्सची ०.४१२ होती. फरक वाटणीचा होता. डिमॅजिओचे हिट रोज थोडे थोडे असे पसरले होते. विल्यम्सचे एखाद्या दिवशी तीन, तर एखाद्या दिवशी शून्य असे पडले. बेरीज जवळपास सारखीच. पण गोष्ट मात्र एकाचीच तयार झाली, कारण रोज वाढणारा आकडा वाचकाला उद्याची वाट पाहायला लावतो.

७/
विल्यम्सची गोष्ट हंगामाच्या अखेरच्या दिवशी, २८ सप्टेंबरला घडली. त्या सकाळी त्याची सरासरी ०.३९९५५ होती. तीन अंकांपुरती ती ०.४०० अशीच लिहिली गेली असती. संघाचा व्यवस्थापक जो क्रोनिन याने त्याला त्या दिवशी न खेळण्याची मुभा दिली होती. विल्यम्सने ती नाकारली. फिलाडेल्फियातील शाइब पार्कवर त्या दिवशी दोन सामने होते. तो दोन्ही खेळला, आठ संधींत सहा हिट मिळवले आणि ०.४०६ वर थांबला.

८/
अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांत त्यानंतर कोणत्याही फलंदाजाने पूर्ण हंगामात ०.४०० गाठलेले नाही. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार डिमॅजिओला मिळाला. पत्रकारांच्या मतदानात त्याला २९१ गुण पडले, विल्यम्सला २५४. यांकीज संघ अव्वल आला होता हे त्यामागचे एक कारण. पण मत देणारे पत्रकार तेच होते, ज्यांनी ५६ सामने ती मालिका लिहून काढली होती.

९/
मग अशी मालिका हे कौशल्य की योगायोग? एक साधा हिशेब करता येतो. ०.३०० सरासरीच्या फलंदाजाला सामन्यात चार संधी मिळतात असे धरले, तर त्याला एकही हिट न मिळण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. म्हणजे किमान एक हिट मिळण्याची ७६ टक्के. असे ५६ वेळा सलग घडण्याची शक्यता सुमारे ४८ लाखांत एक एवढी भरते.

१०/
डिमॅजिओची १९४१ ची पूर्ण हंगामाची सरासरी ०.३५७ होती. ती धरली तर ठरावीक ५६ सामन्यांत हे घडण्याची शक्यता सुमारे ३६ हजारांत एक होते. दोन्ही उत्तरांतील तफावत बोलकी आहे. योगायोगाची साथ दोघांनाही लागेल, पण उत्तम फलंदाजाच्या दारी तो योगायोग शंभरपटींहून अधिक वेळा येऊन उभा राहील. मालिका नशिबाने घडते; मात्र ते नशीब कोणाला लाभण्याजोगे आहे, हे कौशल्य ठरवते.

११/
नोबेल पारितोषिकविजेता भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल याने बेसबॉलमधील चढउतारांचा असाच अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड याने १९८८ मधील एका निबंधात मांडला : खेळाच्या इतिहासातील विजयांच्या आणि अपयशांच्या मालिका नाणेफेकीच्या गणिताने जेवढ्या अपेक्षित होत्या तेवढ्याच आढळतात. अपवाद एकच, डिमॅजिओचे ५६ सामने.

१२/
म्हणजे बाकीच्या ज्या मालिकांकडे पाहून प्रेक्षक ‘हा सध्या भलताच रंगात आहे’ असे म्हणतात, त्यांतील बहुतेक केवळ आकड्यांच्या स्वाभाविक चढउतारात बसतात. आणि सामना पाहून हा फरक ओळखणे कठीण आहे. ५०० संधींत ०.२५० म्हणजे १२५ हिट, ०.३०० म्हणजे १५०. सहा महिन्यांच्या हंगामात हा फरक आठवड्याला जेमतेम एका हिटचा. डोळ्यांना तो दिसत नाही. वर्षाअखेरीच्या कागदावरच उमटतो.

१३/
थोड्या नमुन्यावर विसंबले की काय होते, याचे उदाहरण म्हणजे बॉब हेझल. १९५७ च्या जुलैअखेर मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाने, एक खेळाडू जायबंदी झाल्यामुळे, त्याला खालच्या स्तरावरून वर बोलावले. त्याने ४१ सामन्यांत १३४ संधींत ५४ हिट मारले. सरासरी ०.४०३! १९५४ मधील हेझल नावाच्या चक्रीवादळावरून वृत्तपत्रांनी त्याचेही नाव ‘हरिकेन’ ठेवले. ब्रेव्ह्जनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली.

१४/
पुढच्या हंगामात पहिल्या २० सामन्यांत हेझलची सरासरी ०.१७९ वर आली आणि मे महिन्यातच ब्रेव्ह्जनी त्याला डेट्रॉइटकडे धाडले. १९५८ नंतर तो सर्वोच्च स्तरावर पुन्हा कधीच खेळला नाही. त्याच्या कारकिर्दीची सरासरी ०.३१० भरते आणि ती पाहणाऱ्याला तो उत्तम फलंदाज वाटेल. पण त्यातून ते ४१ सामने वजा केले तर उरतात १२७ संधी आणि २७ हिट : ०.२१३.

१५/
हेझलवर अन्याय दोनदा झाला. आधी ४१ सामन्यांवरून त्याला वादळ ठरवले गेले, आणि मग २० सामन्यांवरून निकामी. पहिला निकाल जेवढा घाईचा, तेवढाच दुसराही. असामान्य कामगिरीनंतरची कामगिरी सहसा सामान्याकडे झुकते, हे फ्रान्सिस गॉल्टन याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. मैदानावर मात्र या झुकण्याला खेळाडूचे ‘उतरणे’ म्हटले जाते आणि त्याची किंमत त्याच्या नोकरीने चुकवली जाते.

१६/
जॉनी व्हँडर मीर याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. सिनसिनाटी रेड्सच्या या २३ वर्षांच्या पिचरने ११ जून १९३८ रोजी बोस्टनला एकही हिट घेऊ दिला नाही. चार दिवसांनी, १५ जूनला, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर पहिल्यांदाच दिव्यांच्या उजेडात झालेल्या सामन्यात त्याने त्याचीच पुनरावृत्ती केली. सलग दोन ‘नो-हिटर’ हा पराक्रम त्याच्या आधी कोणी केला नव्हता आणि नंतरही कोणाला साधलेला नाही.

१७/
त्याच व्हँडर मीरची संपूर्ण कारकीर्द ११९ विजय आणि १२१ पराभव अशी आहे. तो सुमार होता असे नव्हे. १९४१ ते १९४३ अशी सलग तीन वर्षे त्याने नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक फलंदाजांना स्ट्राइक-आउट केले. पण चेंडूवरील त्याचा ताबा डळमळीत असे. त्या ऐतिहासिक दुसऱ्या सामन्यातही त्याने आठ फलंदाजांना फुकट पहिला बेस बहाल केला होता. त्या पाच दिवसांनी त्याचे नाव अमर केले. त्याच्या दर्जाविषयी मात्र फारसे सांगितले नाही.

१८/
न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमसमोर हा प्रश्न कायम उभा असतो. तिथली पहिली निवड १९३६ मध्ये झाली. बेसबॉल पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते आणि किमान दहा हंगामांची कारकीर्द, या दोन मुख्य अटी. शिवाय नियमांतच स्पष्ट नमूद आहे की एखाद्या वर्षीची ०.४०० सरासरी, एखादा निर्दोष सामना किंवा तत्सम पराक्रम एवढ्यावरून कोणाचीही आपोआप निवड होणार नाही. व्हँडर मीरला तिथे स्थान नाही.

१९/
पण दीर्घ कारकीर्द हाच निकष मानला तर सँडी कोफॅक्सचे काय करायचे? डॉजर्सच्या या डावखुऱ्या पिचरच्या पहिल्या सहा हंगामांत ३६ विजय आणि ४० पराभव होते. पुढच्या सहा हंगामांत १२९ विजय आणि ४७ पराभव. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, डाव्या कोपराच्या संधिवातामुळे तो तिशीतच निवृत्त झाला. १९७२ मध्ये पत्रकारांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये निवडले, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. एवढ्या लहान वयात ही निवड दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही.

२०/
उलट टोकाला बर्ट ब्लायलेव्हन. नेदरलँड्समध्ये जन्मलेला हा पिचर २२ हंगाम खेळला, २८७ सामने जिंकला, ३,७०१ फलंदाजांना त्याने स्ट्राइक-आउट केले. मात्र एका हंगामात २० विजय त्याला एकदाच साधले, आणि सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार एकदाही नाही. १९९९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमसाठी अवघी १४.१ टक्के मते पडली. तोच माणूस, तीच आकडेवारी, आणि २०११ मध्ये ७९.७ टक्के मते. मधल्या काळात चेंडू एकही पडला नव्हता. बदलली होती आकडे वाचण्याची रीत.

२१/
ती रीत बदलणाऱ्यांत बिल जेम्सचे नाव अग्रस्थानी. कॅन्सस राज्यातील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असताना त्याने १९७७ मध्ये स्वखर्चाने आकडेवारीची एक पुस्तिका काढली. त्या परंपरेतून पुढे खेळाडूच्या सर्वोत्तम सात हंगामांचे मूल्य आणि संपूर्ण कारकिर्दीचे मूल्य यांची सरासरी काढण्याची पद्धत रूढ झाली. शिखर आणि पठार दोन्ही मोजावीत, असा हा तोडगा. कोफॅक्स आणि ब्लायलेव्हन एकाच काट्यावर तोलता यावेत यासाठी तो उपयोगी आहे.

२२/
तरीही या सगळ्या हिशेबांत एक गृहीतक दडलेले आहे : कारकिर्दीची लांबी खेळाडूच्या अंगच्या गुणांवर ठरते. इतिहास तसे सांगत नाही. ॲडी जॉस हा पिचर नऊ हंगाम खेळून १९११ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावला. दहा हंगामांची अट बाजूला सारून १९७८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे लागले. डिमॅजिओ आणि विल्यम्स या दोघांचेही १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम सैन्यात गेले. विल्यम्सला तर कोरियन युद्धासाठी पुन्हा बोलावले गेले.

२३/
आणि ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांच्यासमोर तर हे सारे हिशेब थिटे पडतात. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत, आधुनिक काळातील मोठ्या लीगांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. ते निग्रो लीगमध्ये खेळत. जॉश गिब्सन हा त्यांच्यातील सर्वांत जबरदस्त फलंदाजांपैकी एक. तो जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा तीन महिने उरले होते.

२४/
सॅचेल पेज हा पिचर १९४८ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला तो वयाच्या ४२ व्या वर्षी. त्याला दहा हंगामांची अट लावणे म्हणजे दार बंद ठेवून उशिरा आल्याचा ठपका ठेवण्यासारखे होते. २५ जुलै १९६६ रोजी हॉल ऑफ फेममधील स्वतःच्या सन्मानाला उत्तर देताना टेड विल्यम्सने हे जाहीरपणे मांडले. पेज आणि गिब्सन यांना केवळ संधी नाकारली गेली म्हणून ते इथे नाहीत, त्यांनाही एक दिवस इथे स्थान मिळावे, अशी आशा त्याने व्यक्त केली. १९७१ मध्ये पेजची आणि १९७२ मध्ये गिब्सनची निवड झाली.

२५/
डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगांना ‘मोठ्या लीग’ असा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील केली. कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ सह गिब्सन पहिला आला आणि टाय कॉबचे ०.३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेले. एका हंगामाच्या सरासरीतही गिब्सनचे १९४३ मधील ०.४६६ अव्वल ठरले.

२६/
लगेच आक्षेप आला : निग्रो लीगच्या हंगामात साधारण ६० ते ८० अधिकृत सामने असत, एवढ्या थोड्या सामन्यांत सरासरी फुगू शकते. तत्त्वतः हा आक्षेप खरा आहे, हेझलच्या उदाहरणाने तेच दाखवले. पण हेझलचा उन्हाळा एकच होता. गिब्सनची कारकीर्द १९३० ते १९४६ अशी पसरलेली आहे, आणि आखूड हंगामांतील ती उंची त्यात वारंवार दिसते. थोड्या नमुन्यावरील संशयाचे उत्तर पुनरावृत्तीत असते, आणि ती इथे आहे.

२७/
शिवाय साथीमुळे २०२० चा मेजर लीग हंगाम प्रत्येक संघाला ६० सामन्यांचाच मिळाला, आणि त्यातील विक्रम व किताब निमूटपणे अधिकृत मानले गेले. आखूड हंगाम म्हणजे अपुरा पुरावा, हा नियम लावायचा तर दोन्हीकडे लावावा लागेल. २०२० चा हंगाम विषाणूने आखूड केला. निग्रो लीगचे हंगाम वर्णभेदाने, पैशाच्या चणचणीने आणि पोटासाठी गावोगाव खेळलेल्या, कुठेही न नोंदलेल्या सामन्यांनी.

२८/
तेव्हा ‘क्षण की कारकीर्द’ या वादात उत्तराआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. समोरचा आकडा किती संधींवर उभा आहे? आणि त्या संधींची संख्या कोणी ठरवली? पहिल्या प्रश्नाने हेझलविषयीची घाई टळते, दुसऱ्याने गिब्सनवरील अन्याय दिसू लागतो. नाणी, शिलालेख वा दफ्तरे वाचणाऱ्यालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात : पुरावा किती उरला, आणि तेवढाच का उरला.

२९/
१९४१ नंतर कोणीही ०.४०० गाठले नाही, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. २०२४ पासून ते ‘अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये’ एवढी पुस्ती जोडूनच लिहावे लागते, कारण गिब्सनचा ०.४६६ चा हंगाम त्यानंतर दोनच वर्षांनी आला होता. विल्यम्सच्या नावापुढील एक बिरुद त्यामुळे थोडे आक्रसले. ज्या खेळाडूमुळे ते आक्रसले, त्याचे नाव कूपरस्टाउनच्या व्यासपीठावरून विल्यम्सनेच अठ्ठावन्न वर्षे आधी घेतले होते.